पायाचंच मशीन

तातेराव खरातांनी शिलाई मशीन घ्यायचं जाहीर केलं, त्या सकाळी मालनबाई ज्वारी निवडत होत्या. सुपातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "शिवणार कोण?"

प्रश्न बरोबर होता. त्या घरात शिवण येणारं कुणी नव्हतं. मालनबाईंचा आणि सुईचा संबंध पायात काटा मोडला तरच यायचा. तातेरावांनी एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केलेली. त्यांनी आयुष्यात जे काही जोडलं ते टाचणीनं, नाहीतर 'सोबत जोडले आहे' असं लिहून.

"शिवायचं न्हाई," तातेराव म्हणाले. "चालवायचंय."

मालनबाईंनी सूप खाली ठेवलं. पोळ्याच्या आठवड्यात तातेरावांना लकव्याचा झटका आला होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की परिणाम पायावर आहे, डोक्यावर काही नाही. त्या वाक्याची पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं.

झटका तसा हलकाच होता. तोंड दोन दिवसांत सरळ झालं, हात पंधरा दिवसांत वळणावर आला. डावा पाय मात्र काही केल्या कामावर रुजू होईना. जालन्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं, खुर्चीत बसून पाऊल वर-खाली करायचं, दिवसातून हजार वेळा. तातेराव आज्ञा पाळणारे. रोज सकाळी मंठ्याच्या घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून ते मोजायला बसत. पण साठ-सत्तरला रस्त्यावरून कुणीतरी "काय साहेब, बरंय का?" म्हणायचं आणि आकडा सुटायचा. मोजणी चुकली की पहिल्यापासून, हा कचेरीतला नियम त्यांनी पायालाही लावला. त्यामुळं दोन महिने झाले तरी तो पाय शंभराच्या पुढं गेला नाही.

तोवर न्हाणीत जायचं तर मालनबाईंचा खांदा, अंगणात जायचं तर मालनबाईंचा खांदा. बाई तोंडातून शब्द काढत नव्हत्या. एकदा दुपारी मात्र कोठीच्या खोलीत पाठमोऱ्या उभ्या राहून त्या उजव्या खांद्याला बाम चोळताना तातेरावांना दिसल्या. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

अशात ढिल्या झालेल्या पँटी आवळून घ्यायला ते शिंप्याकडं गेले. शिंपी बोलत होता, गिऱ्हाइकाशी भांडत होता, चहा पीत होता, आणि खाली त्याचे पाय आपले वर-खाली, वर-खाली. कोण मोजतंय! चहा संपायच्या आत हजार होत असतील. तातेरावांना पँटीचं माप द्यायचं भान राहिलं नाही. आपल्याला काय पाहिजे ते त्यांना लख्ख दिसलं होतं.

अडचण एकच होती. ज्या माणसाला अख्खा तालुका खरात साहेब म्हणतो, त्यानं साठी ओलांडल्यावर शिलाई मशीनवर बसायचं, तेही काही न शिवता, हे लोकांना सांगायचं कसं? तेव्हा त्यांनी ठरवलं, बाहेर सांगायचं, "मिसेससाठी घेऊन राह्यलो." पुढचा सगळा ताप या तीन शब्दांनी झाला.

बातमी गल्लीत पसरली. शेजारच्या उषाबाई पहिल्या आल्या. त्यांनी लग्नाआधी अडीच महिने शिवणक्लास केला होता. "कॉलर शिकवायला घेतली आन् माझं लग्न जमलं," असं त्या खेदानं सांगत, आणि लग्नापेक्षा कॉलर राहिल्याचा खेद जास्त वाटे. "मालनताई, घ्यायचं तर पिको-फॉलचंच घ्या," त्या म्हणाल्या. समोरचे कचरू, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्यांचं म्हणणं वेगळं. "मशीन म्हंजी गाडीच. आधी इंजिन पाहायचं. मोटर लावून घ्या साहेब, वहिनींच्या पायाला तरास कशाला?"

पायाला त्रास व्हावा म्हणूनच तर हा सगळा उद्योग होता. पण ते बोलायची सोय नव्हती.

कचरूंनीच दुसरी पुडी सोडली. बायकांना शिलाई मशीन फुकट मिळायची योजना आली आहे, आणि अर्ज कुठं, तर तातेरावांच्याच जुन्या कचेरीत! तातेरावांना हुरूप आला. मालनबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते कचेरीच्या पायऱ्या चढले. त्यांच्या जागेवर आता मच्छिंद्र बसत होता. तो कामाला लागला तेव्हा त्याला आवक-जावक कळत नव्हती. सगळं तातेरावांनी शिकवलेलं.

"जय भीम, साहेब! बसा, बसा." मच्छिंद्रानं चहा मागवला, फॉर्म भरून दिला, आणि अदबीनं म्हणाला, "शिवणकामाच्या प्रशिक्षणाचा दाखला तेवढा जोडा."

"तो न्हाई."

"मंग साहेब..." मच्छिंद्रानं ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'सबब प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत आहे.' हे वाक्य तातेरावांनी स्वतः घडवलं होतं, वीस वर्षांपूर्वी. किती लोकांना त्यांनी ते दिलं असेल! या बाजूच्या खुर्चीत बसून ते पहिल्यांदाच वाचताना त्यांना जाणवलं की वाक्यात एकही चूक नाही आणि आत शिरायला फटही नाही. अभिमान वाटावा की संताप यावा, हे त्यांचं ठरेना.

"निदान मावशींना शिवता येतं असं मी लिहून घेतो," मच्छिंद्र मदतीच्या सुरात म्हणाला. "येतं ना, मावशी?"

मालनबाईंना खोटं जमत नसे. "न्हाई बा," त्या म्हणाल्या. "चालवणार तर हेच हायेत."

मच्छिंद्र फार सभ्य मुलगा. तो उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिला. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

मग तातेरावांनी ठरवलं, योजना गेली खड्ड्यात, पदरच्या पैशानं घेऊ. दोघं बसनं जालन्याला गेले. कुणीतरी एका मोठ्या काचेच्या दुकानाचं नाव सांगितलं होतं. आत पंखे, आरसे, ओळीनं पांढरी मशिनं, आणि भराभरा बोलणारी एक मुलगी.

"काका, हे बघा. यात साठ प्रकारचे टाके."

"पाय कुठं लावायचा?"

"पाय लावायचाच न्हाई! तीच तर खासियत."

"आणि हे?"

"याला खाली एक बटण आहे. नुसतं टेकवायचं, बिलकुल जोर न्हाई."

"जोर लागणारं कोणतं?"

मुलगी थांबली. तिनं तातेरावांकडं पाहिलं, मग मालनबाईंच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. "कुणासाठी घेताय?"

"मिसेससाठी. तिला पायाचंच पाहिजे."

"आजींच्या जिवाचा काही विचार करा की, काका!" मुलगी एवढ्या कळवळ्यानं म्हणाली की दुकानातल्या चार बायका वळल्या. त्यातल्या एकीनं तातेरावांकडं असं पाहिलं, जणू हा माणूस घरी बायकोला पाण्याच्या रहाटालाही जुंपत असणार. तातेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "पायाचंच," ते कसेबसे म्हणाले, पैसे भरले, पत्ता दिला आणि मालनबाईंचा खांदा धरून बाहेर पडले. त्या वेळी तो खांदा धरणंही त्यांना गुन्ह्यासारखं वाटलं.

पाच दिवसांनी वसंताचा टेम्पो दारात उभा राहिला. वसंता जालना-मंठा माल वाहायचा. खोकं उघडलं. आत चकचकीत टेबल होतं, त्यावर मशीन होतं, मशीनला मोटर होती. पायाच्या जागी काही नव्हतं. मशीनला एक चिठ्ठी बांधली होती: 'आजींना आमच्यातर्फे मोटर भेट.'

तातेरावांनी फोन लावला. पलीकडून ती मुलगी आनंदानं म्हणाली, "काका, आजींचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मालकाला बोलले. पैसे नका देऊ वरचे!"

इतक्या मायेनं कुणी आपलं वाटोळं केलं तर रागवायचं कसं? तातेरावांनी फोन ठेवला आणि वसंताला म्हणाले, "माघारी घेऊन चल. मी येतो सोबत."

वसंतानं टेम्पो वळवला. वाटूर गाव मागं पडल्यावर म्हणाला, "साहेब, एक इचारू? मोटर फुकट मिळाली तर लोक पेढे वाटतेत. तुम्ही परत करून राह्यले. मशीन आहे कुणासाठी?"

समोर सरळ रस्ता होता, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि वसंता त्यांच्याकडं बघत नव्हता. तातेराव बोलून गेले, "माझ्यासाठी. ह्या पायासाठी." आणि मग सगळंच बोलले. पाय, हजार आकडा, शिंपी, बाम.

वसंता हसला नाही. "माझ्या बापाला लकवा मारल्ता," तो म्हणाला. "मला हे आधी सांगायचं न्हाई का? जालन्यातच, मस्तगडला, लालमियाँ हायेत, जुनी मशिनं दुरुस्त करणारे. हे काचेचं खोकं उतरवू आन् तिकडंच जाऊ."

दुकानानं मशीन विनातक्रार परत घेतलं. फक्त त्या मुलीचा चेहरा पडला, आणि तातेरावांना उगाच वाईट वाटलं.

लालमियाँचं दुकान मस्तगडच्या एका बोळात होतं. दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं, एवढंच. भिंतीला पट्टे, खिळ्यांना चाकं, जमिनीवर तेलाचे डबे. लालमियाँ सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मागच्या कोपऱ्यात त्यांच्या बीवी बदरुन्निसा बसलेल्या. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन त्या स्वतः चालवून पाहत आणि टाका आवडला नाही तर नवऱ्याकडं परत सरकवत.

"बोलो साहेब," लालमियाँ म्हणाले. "कोण चालवनार?"

"मिस..." तातेरावांनी वसंताकडं पाहिलं. वसंतानं मान हलवली. "मी," तातेराव म्हणाले.

"क्या सिलना है?"

"काही न्हाई."

लालमियाँनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तातेरावांनी सगळी हकीकत तारीखवार सांगितली. मग लालमियाँनी स्टूल ओढलं, एका जुन्या मशीनसमोर तातेरावांना बसवलं आणि म्हणाले, "पाय ठेवा."

तातेरावांनी डावा पाय खालच्या लोखंडी पावटीवर ठेवला. दाबला. चाक दोन वेळा उलटं फिरलं आणि पाय घसरून खाली आला. त्यांना तिथून उठून जावंसं वाटलं, पण वसंताच्या आधाराशिवाय तेही होण्यासारखं नव्हतं.

"दोनो पांव रखो, भाईसाब," कोपऱ्यातून बदरुन्निसा म्हणाल्या. त्यांनी हातातलं काम थांबवलंही नव्हतं. "अच्छा पांव बीमार पांव को साथ ले के जाता."

तातेरावांनी दोन्ही पाय ठेवले. लालमियाँनी वरचं चाक हातानं पुढं ढकललं. पावटी हलली. उजवा पाय निघाला, आणि डावा, तो अडेलतट्टू, हट्टी, दोन महिने गैरहजर पाय, त्याच्यामागून निघाला. खट-खट, खट-खट. तातेराव मोजायचे विसरले. थांबले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पोटरीत कुठंतरी खोल, गोड दुखत होतं.

"किती द्यायचे?" त्यांनी घाईनं खिशात हात घातला.

"ठैरो." लालमियाँनी मशीनची वरची मुंडी उचलून बाजूला ठेवली. "शिवायचं न्हाई ना? मग मुंडीचा खर्चा कायकू? नुसता स्टँड घेऊन जा. माझ्याकडं असे अकरा पडलेत. लोकां मोटर लावतेत, पाय हितं फेकून जातेत. महिनाभर चालवा. पाय 'न्हाई' बोलला, तर वापस आणा."

गिऱ्हाइकाला कमी घ्या म्हणणारा दुकानदार तातेरावांनी जन्मात पाहिला नव्हता. ते पावती मागायचेही विसरले, आणि एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

मग ओसरीवर नवा देखावा सुरू झाला. लोखंडी पाय, वर एक फळी, फळीवर काहीच नाही, आणि त्यासमोर गंभीरपणे पाय हलवत बसलेले खरात साहेब. पहिल्या दिवशी कचरूंनी चारी बाजूंनी पाहणी केली. "इंजिनच न्हाई की ह्याला!" दुसऱ्या दिवशी उषाबाई मालनबाईंना आत नेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, खरं सांगा, वर बी काही परिणाम झालाय का?" तिसऱ्या दिवसापासून लोक केळी घेऊन भेटायला येऊ लागले. तातेराव केळी घेत आणि पाय हलवत राहत. लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागले, तेव्हा मात्र त्यांना फार लागलं.

आठवडाभर त्यांनी तग धरला. मग त्यांनाच कंटाळा आला. नुसतं चालवायचं आणि निष्पन्न काही नाही! दहाव्या दिवशी फळीवर पाण्याचा जार आला, बाराव्या दिवशी वाळत घातलेला टॉवेल. तातेराव खुर्चीत बसून पेपर वाचू लागले, आणि न्हाणीत जायची वेळ झाली की पुन्हा हाक मारू लागले, "अगं ए..."

मालनबाईंनी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी वसंताकडून लालमियाँचा नंबर घेतला आणि फोन लावला.

"भाऊ, मी मंठ्याहून मालनबाई बोलते, खरातांच्या घरून. मुंडी पाठवा."

"भाबी, शिवणार कोण?"

"शिवंल की कुणीबी! बिनमुंडीचा कारभार म्हनून लोक हसायलेत, आन् ह्यांनी पाय उचलून ठेवलाय. जल्दी पाठवा."

लालमियाँनी मुंडी पाठवली नाही. ते स्वतः घेऊन आले. बसमध्ये, मांडीवर, जुन्या रजईत गुंडाळून. टेम्पोत धक्का लागला तर टाका बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. ओसरीवर बसून त्यांनी मुंडी बसवली, चामड्याची वादी चढवली, तेल घातलं, भाकरी आणि ठेचा खाल्ला, मालनबाईंना "भाबी, तिखट बराबर है" असं सांगत डोळे पुसले, आणि बदरुन्निसांचा निरोप दिला: पहिले आठ दिवस कापड नाही, दोरा नाही. रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची, रेघ सोडायची नाही.

कागद! हे तातेरावांच्या राज्यातलं होतं. त्यांनी जुन्या नोंदवहीची पानं काढली आणि रेघेवर असा काही टाका धरला की लालमियाँ "वाह, साहेब!" म्हणाले. फक्त सुरुवात जमेना. पाय दाबला की चाक हमखास उलटं फिरायचं. मग मालनबाईंनी ते काम आपल्याकडं घेतलं. रोज सकाळी चहाचा कप ठेवायचा, चाकाला हातानं पुढं एक झोका द्यायचा, "हं, चला आता," म्हणायचं आणि आपल्या कामाला जायचं.

पहिली वस्तू झाली ती उशीची खोळ. टाका सरळ, कोपरे काटकोनात. चारी बाजू तातेरावांनी इतक्या चोख शिवल्या की उशी आत घालायला जागाच उरली नाही. उषाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. पण मग पदर खोचून बसल्या आणि अडीच महिन्यांची सगळी विद्या त्यांनी तातेरावांना दिली, कॉलर सोडून. पुढं गल्लीत कुणाला पिशवी, कुणाला खोळ, कुणाला पायपुसणं. केळी घेऊन आलेले लोक आता फाटकी चादर घेऊन येऊ लागले. कचरूंनी तर आपल्या स्कूटरच्या सीटचं कव्हर आणलं आणि इंजिनाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही.

पाय? पायाकडं लक्ष द्यायला सवड कुणाला होती?

उन्हाळा संपत आला होता. एका सकाळी गल्लीतल्या दैवशालाबाईंच्या रजईला किनार लावता लावता पांढरा दोरा संपला. तातेराव पुटपुटत उठले, आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं, दोऱ्याचं रीळ शोधलं, परत आले, बसले, सुईत दोरा ओवायला लागले. तेवढ्यात त्यांना दिसलं, स्वयंपाकघराच्या दारात मालनबाई उभ्या होत्या. दोन्ही हात पिठानं भरलेले.

"काय झालं?"

"काही न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "दोरा आणला तुम्ही."

"मंग? संपल्ता."

"आणला खरं," मालनबाई म्हणाल्या, "पण माझा खांदा तर हितंच हाय."

तातेरावांनी खाली पाहिलं. पायाकडं पाहिलं, मग कपाटाच्या खोलीकडं. सुईत दोरा ओवणं त्यांना पुढचा अर्धा तास जमलं नाही. मालनबाई आत गेल्या आणि भाकरी करपल्याचा वास आला.

पुढच्या महिन्यात वादी तुटली. खालचं चाक आणि वरची मुंडी जोडणारा तो चामड्याचा दोर टक्कन दोन तुकडे झाला. दोघं जालन्याला निघाले. बसमध्ये तातेरावांनी मनात सगळा मजकूर तयार केला. आपण मला जे साहाय्य केले त्याबद्दल मी आणि माझे कुटुंब आपले सदैव ऋणी राहू, वगैरे. तीन परिच्छेद होते. बसस्टँडवरून रिक्षा करायची की नाही यावर वाद झाला आणि तातेराव जिंकले. मस्तगडपर्यंत ते चालत गेले. डावा पाय थोडा ओढत होता, पण आपला आपण येत होता. मालनबाई दोन पावलं मागं, हात मोकळे सोडून.

लालमियाँनी त्यांना बोळात वळतानाच पाहिलं. तातेराव दुकानात येऊन उभे राहीपर्यंत ते नुसते बघत राहिले, मग हात पुढं केला. तातेरावांनी तुटलेली वादी त्यांच्या हातात दिली.

म्हाताऱ्यानं ती उजेडात धरली. झिजलेली कड बोटांनी चाचपली. "कितने महीने?"

"सहा, सात."

"अजी, सुनो!" लालमियाँनी कोपऱ्याकडं वादी नाचवली. "हे बघा! आपला तो चौकातला दर्जी दिवसाला दहा पायजमे शिवतो, त्याची वादी दीड साल चालते. साहेबांनी सात महिन्यांत तोडली!"

बदरुन्निसा उठल्या. त्यांनी वादीकडं पाहिलं नाही. तातेरावांच्या दोन्ही पायांकडं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून त्या मालनबाईंसाठी स्टूल पुसायला लागल्या. ते आधीच स्वच्छ होतं.

तातेराव बोलायला सरसावले. पहिला परिच्छेद आठवेना. दुसराही आठवेना. लालमियाँ नवी वादी खिळ्यावरून काढून कागदात गुंडाळत होते.

"साहेब, काही बोलनार होते?"

"हो," तातेराव म्हणाले. "एक नको, मियाँ. दोन द्या."